विश्लेषण : बॉक्सर मुरलीकांत पेटकरांची सर्वांत मोठी कामगिरी कोणती? टोकियो, तेल अवीव की हायडलबर्ग?

एखाद्या विजेत्या बॉक्सरची सर्वोत्तम लढत कोणती, हा क्रीडाप्रेमींच्या आवडत्या वादांपैकी एक. पुण्यात स्थायिक झालेल्या एका बॉक्सरबाबत हा वाद कधी रंगलाच नाही. त्याचे नाव मुरलीकांत पेटकर. ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट १४ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला आणि कार्तिक आर्यनने साकारलेले पेटकर घराघरांत पोहोचले. चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य होते, ‘काय सोसलंय या माणसानं!’ ते खरेच आहे. पण खेळाडूबद्दल पहिला प्रश्न ‘काय सोसले’ हा नसावा, ‘काय करून दाखवले’ हा असावा. म्हणूनच पेटकरांच्या कामगिरीची तुलना त्यांच्याच इतर कामगिरीशी करून पाहायला हवी.

आधी थोडक्यात ओळख

सांगली जिल्ह्यात जन्मलेले पेटकर लष्करात दाखल झाले. इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनीअर्स म्हणजे ‘ईएमई’ या कोअरमध्ये ते क्राफ्ट्समन होते आणि बॉक्सिंग हा त्यांचा खेळ होता. १९६४ मध्ये टोकियोत झालेल्या आंतरराष्ट्रीय सेनादल क्रीडा स्पर्धेत त्यांनी बॉक्सिंगचे पदक मिळवले. पुढच्याच वर्षी, १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. कण्याला इजा झाली आणि कमरेखालचा भाग निकामी झाला. उपचारांचा भाग म्हणून त्यांनी पोहायला सुरुवात केली. १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ मध्ये तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतील हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात सुवर्णपदक जिंकले. वेळ होती ३७.३३ सेकंद आणि त्या गटातला तो जागतिक विक्रम होता. भारताचे पॅरालिम्पिकमधील हे पहिले पदक आणि पहिले सुवर्णही.

म्हणजे तीन शहरे, तीन खेळ आणि आठ वर्षे. यातली सर्वांत मोठी कामगिरी कोणती?

तुलना करायची तर कशाच्या आधारावर?

बॉक्सिंगमध्ये अशी तुलना कशी होते, हे समजण्यासाठी मोहम्मद अलीचे उदाहरण सर्वांत सोयीचे आहे. अलीच्या तीन लढतींवर आजही चर्चा होते आणि तिन्हींच्या बाजूने बोलणारे लोक वेगळे असतात.

पहिली लढत १४ नोव्हेंबर १९६६ ची, ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलंड विल्यम्सविरुद्धची. तिसऱ्याच फेरीत सामना संपला. अलीचा वेग, पायांची हालचाल, अचूकता सगळे शिखरावर होते. ‘निव्वळ खेळ’ पाहणारे हिचे नाव घेतात.

दुसरी ३० ऑक्टोबर १९७४ ची, किन्शासामधली. समोर जॉर्ज फोरमन, पंचवीस वर्षांचा आणि तोवर एकही लढत न हरलेला. अली बत्तिशीचा. आठव्या फेरीत फोरमन कोसळला. ‘समोर कोण होते’ हे पाहणारे हिच्या बाजूने असतात.

तिसरी १ ऑक्टोबर १९७५ ची, मनिलामधली, जो फ्रेझियरविरुद्धची. चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझियरच्या प्रशिक्षकांनीच लढत थांबवली. ‘किंमत किती मोजली’ हे पाहणाऱ्यांना ही सर्वांत मोठी वाटते.

थोडक्यात, तीन कसोट्या झाल्या. एक, खेळाची गुणवत्ता. दोन, आव्हानाचा दर्जा. तीन, मोजलेली किंमत. आपल्याकडे पेटकरांची गोष्ट सांगताना फक्त तिसरी कसोटी लावली जाते. पहिल्या दोन लावल्या तर चित्र कसे दिसते ते पाहू.

टोकियो १९६४ : बॉक्सर म्हणून शिखर?

टोकियोच्या बाजूचा युक्तिवाद कमजोर नाही. तिथे पेटकर त्यांच्या मूळ खेळात होते, शरीर पूर्ण साथ देत होते आणि समोर इतर देशांच्या सैन्यातले तयार बॉक्सर होते. सेनादलांतले बॉक्सिंग म्हणजे हौशी मंडळींचा खेळ नव्हे. आपल्याकडेही देशाचे बरेचसे चांगले बॉक्सर लष्करातूनच आले आहेत. पुण्यातली आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आजही तेच काम करते.

अडचण वेगळीच आहे. अलीच्या विल्यम्सविरुद्धच्या लढतीचे चित्रीकरण आज मोबाइलवर सापडते. कोणत्या फेरीत कोणता ठोसा बसला, हे कुणीही तपासू शकतो. पेटकरांच्या टोकियोतल्या लढतींबाबत सर्वसामान्य वाचकाच्या हाती येते ते एक ओळीचे वाक्य, की पदक मिळाले. फेरीनिहाय गुण नाहीत, चित्रफीत नाही, सविस्तर वार्तांकन नाही. गुणवत्तेची कसोटी लावायची तर माहिती हवी आणि इथे तीच अपुरी आहे. त्यामुळे टोकियोची कामगिरी मोठी होती एवढेच म्हणता येते, नेमकी किती मोठी ते नाही.

एक योगायोग मात्र नोंदवण्यासारखा आहे. त्याच १९६४ मध्ये, त्याच टोकियोत नोव्हेंबर महिन्यात पॅरालिम्पिकही भरले होते. तेव्हा पेटकर दोन्ही पायांवर उभे राहून ठोसे मारणारे बॉक्सर होते. चारच वर्षांनी ते स्वतः त्या दुसऱ्या स्पर्धेत उतरणार होते.

तेल अवीव १९६८ : पदक नाही, मग विचार का करायचा?

१९६८ चे ऑलिम्पिक मेक्सिको सिटीत झाले, पण पॅरालिम्पिक तिथे होऊ शकले नाही. ते नोव्हेंबरमध्ये इस्रायलमध्ये तेल अवीवजवळ झाले. भारताने पॅरालिम्पिकमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकले ते याच स्पर्धेत. पेटकर टेबल टेनिसमध्ये उतरले आणि पहिली फेरी पार केली. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी अशा खेळाडूंना परदेशी पाठवण्यासाठी केलेल्या मदतीचा उल्लेख पेटकरांच्या कहाणीत हमखास येतो. सरकारी व्यवस्था उभी नसताना खेळाडू तिकिटाच्या पैशांसाठी कुणावर तरी अवलंबून होते, हे त्यातून समजते.

पदकतालिकेच्या हिशेबात तेल अवीवला शून्य गुण. पण बॉक्सिंगच्या नजरेने पाहिले तर शरीरावरचा सर्वांत मोठा बदल इथे दिसतो. ठोसा हाताने मारला जातो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो पायातून सुरू होतो. मागचा पाय जमिनीला रेटा देतो, कंबर वळते, मग खांदा आणि शेवटी मूठ. कमरेखालची संवेदना गेली की या साखळीचे पहिले दोन दुवे तुटतात. उरतो तो खांदा, हात, नजर आणि प्रतिक्षिप्त हालचाल. टेबल टेनिसला नेमके हेच लागते. युद्धानंतर अवघ्या तीन वर्षांत हा माणूस व्हीलचेअरवरून वेगळा खेळ शिकून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एक फेरी जिंकतो, ही लहान गोष्ट नाही. तरीही ‘सर्वांत मोठी कामगिरी’ म्हणता येणार नाही. ही तयारीची पायरी होती.

हायडलबर्ग १९७२ : ३७.३३ सेकंदांचा अर्थ काय?

आता मुख्य मुद्दा. पेटकरांच्या संपूर्ण कारकिर्दीत एकच गोष्ट अशी आहे, जी कुणाच्या आठवणीवर किंवा मतावर अवलंबून नाही. ती म्हणजे घड्याळातली वेळ. म्हणून तिचा हिशेब जरा नीट करू.

५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत म्हणजे सेकंदाला साधारण १.३४ मीटर. ताशी सांगायचे तर सुमारे ४.८ किलोमीटर. आपण रस्त्यावरून झपझप चालतो तो हा वेग. पाण्यात, पाय न मारता.

त्याच महिन्याच्या अखेरीस म्युनिकचे ऑलिम्पिक सुरू झाले. तिथे अमेरिकेच्या मार्क स्पिट्झने १०० मीटर फ्रीस्टाइल ५१.२२ सेकंदांत जिंकली. म्हणजे सेकंदाला सुमारे १.९५ मीटर. अंतरे वेगळी असल्याने ही तुलना तंतोतंत नाही. ५० मीटर फ्रीस्टाइल तेव्हा ऑलिम्पिकमध्ये नव्हतीच, ती १९८८ मध्ये आली. तरी अंदाज यावा म्हणून सांगायचे, तर पेटकरांचा वेग जगातल्या सर्वोत्तम धडधाकट जलतरणपटूच्या वेगाच्या जवळपास ६९ टक्के होता.

हे ६९ टक्के किती अवघड, हे कळायला थोडे भौतिकशास्त्र लागते. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग फक्त १० टक्के वाढवायचा, तर शक्ती सुमारे ३३ टक्के जास्त लागते. त्यात पाय चालत नसतील तर दुहेरी तोटा. पायांचा रेटा मिळत नाही, हा एक. पाय खाली झुकतात, शरीर तिरके होते आणि पाण्याचा अडथळा वाढतो, हा दुसरा. हा सगळा भार दोन खांद्यांवर येतो. वर्षानुवर्षे पंचिंग बॅगवर घडलेले खांदे इथे कामी आले असणार, असा अंदाज बांधायला हरकत नाही. बॉक्सिंगची एक फेरी १८० सेकंदांची. हायडलबर्गची शर्यत तिच्या जेमतेम पाचव्या भागाएवढी होती.

आणखी एक गोष्ट. हायडलबर्गमध्ये पेटकर फक्त पोहले नाहीत. भालाफेक, अचूक भालाफेक आणि व्हीलचेअर स्लॅलम अशा आणखी तीन प्रकारांत ते अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. एकाच स्पर्धेत चार प्रकारांच्या अंतिम फेऱ्या आणि एकात जागतिक विक्रमासह सुवर्ण.

पण तेव्हाचे पॅरालिम्पिक लहान नव्हते का?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. ब्रिटनमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी २९ जुलै १९४८ रोजी कण्याला इजा झालेल्या माजी सैनिकांसाठी तिरंदाजीची स्पर्धा भरवली. तिच्यात १६ जण होते. तिथून ही चळवळ वाढली. १९७२ मध्ये हायडलबर्गला ४० हून अधिक देशांचे सुमारे एक हजार खेळाडू आले होते. स्पर्धेचे तेव्हाचे अधिकृत नावही ‘आंतरराष्ट्रीय स्टोक मँडेव्हिल क्रीडा स्पर्धा’ असेच होते. ‘पॅरालिम्पिक’ या नावाला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची मान्यता १९८४ मध्ये मिळाली.

इजा कण्यात किती उंचीवर आहे, त्यावरून खेळाडूंचे गट पडत. गट जास्त म्हणजे प्रत्येक शर्यतीत स्पर्धक कमी. त्यामुळे आजच्या पॅरिसच्या पदकाइतकीच स्पर्धा तेव्हाही होती, असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल.

पण इथेच जागतिक विक्रमाचे महत्त्व कळते. सुवर्णपदकाचा अर्थ ‘त्या दिवशी आलेल्यांमध्ये पहिला’ इतकाच असू शकतो. विक्रमाचा अर्थ ‘आजवर या गटात जे कुणी पोहले, त्या सगळ्यांपेक्षा वेगवान’ असा होतो. शर्यतीत कमी जण असतील, पण घड्याळ कुणाला सवलत देत नाही. म्हणून पेटकरांच्या नावापुढे ‘सुवर्णपदक’ लिहिताना ‘३७.३३ सेकंद, जागतिक विक्रम’ हे शब्द गाळता कामा नयेत. आपण नेमके तेच गाळतो.

मग उत्तर काय?

माझे मत स्पष्ट आहे. हायडलबर्ग. आणि ते गोळ्या झेललेल्या सैनिकाने जिंकले म्हणून नाही, तर गुणवत्तेच्या आणि आव्हानाच्या कसोटीवरही ते पहिले येते म्हणून. किंमत मोजण्याची तिसरी कसोटी लावलीच नाही, तरी निकाल बदलत नाही. युद्धाची गोष्ट बाजूला ठेवून फक्त धावफलक वाचला, तरी ही आपल्या क्रीडा इतिहासातली पहिल्या रांगेतली कामगिरी आहे.

संदर्भासाठी काही तारखा. १९७२ पर्यंत स्वतंत्र आणि स्वातंत्र्यपूर्व भारताची सगळी ऑलिम्पिक सुवर्णपदके हॉकीची होती. त्या वर्षी म्युनिकमध्ये भारताला एकच पदक मिळाले, हॉकीचे कांस्य. म्हणजे १९७२ च्या उन्हाळ्यात जर्मनीच्या भूमीवर झालेल्या या दोन महास्पर्धांत भारताचे एकमेव सुवर्ण पेटकरांचे होते. वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्णासाठी देशाला अभिनव बिंद्राच्या २००८ पर्यंत, म्हणजे ३६ वर्षे थांबावे लागले. पॅरालिम्पिकमधले पुढचे सुवर्ण आले ते २००४ मध्ये अथेन्सला, देवेंद्र झाझरियाच्या भालाफेकीतून. मध्ये ३२ वर्षे गेली. आणि पॅरालिम्पिक जलतरणात भारताचे आजवरचे एकमेव पदक अजूनही तेच आहे.

याने आज काय फरक पडतो?

बराच पडतो. कामगिरी कशी मोजली जाते, यावर पुरस्कार, नोकरी, निवृत्तिवेतन आणि पुढच्या पिढीला मिळणाऱ्या सुविधा ठरतात.

पेटकरांनी १९८२ मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला होता आणि तो नाकारला गेला, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे हायडलबर्गनंतर ४६ वर्षांनी. अर्जुन जीवनगौरव मिळाला तो १७ जानेवारी २०२५ रोजी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते. ‘चंदू चॅम्पियन’ झळकल्यानंतर सात महिन्यांनी. दरम्यान सोलापूर जिल्ह्यातील पॅरा जलतरणपटू सुयश जाधव याला २०२० मध्येच अर्जुन पुरस्कार मिळाला होता. सुयशची पात्रता वादातीत आहे. पण ज्याने त्या तलावात देशाचे खाते उघडले, त्याची दखल नंतर घेतली गेली, हा क्रम विचार करायला लावतो.

सैनिकाच्या शौर्याला पदके आहेत, सोसलेल्या दुःखाबद्दल सहानुभूतीही आहे. खेळाडूला हवी असते ती त्याच्या निकालाची नोंद. खाशाबा जाधवांचेच पाहा. १९४८ मध्ये लंडनला सहावे आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांना अर्जुन मिळाला तो मरणोत्तर. पेटकरांच्या बाबतीत एवढे तरी झाले की पुरस्कार घ्यायला ते स्वतः हजर होते.

चित्र बदलते आहे, हेही खरे. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताने २९ पदके जिंकली, त्यात ७ सुवर्ण. सांगली जिल्ह्याच्याच सचिन खिलारीने गोळाफेकीत १६.३२ मीटरसह रौप्य मिळवले. आणि त्याची बातमी देताना बहुतेकांनी मीटर आधी लिहिले, अपघाताची कहाणी नंतर. हीच पद्धत बरोबर आहे.

पुण्याने काय करावे?

दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा, २०१६ मध्ये कलम ३० खास खेळांबद्दल आहे. दिव्यांगांना क्रीडा प्रकारांत प्रभावी सहभाग घेता यावा, सुविधा त्यांना वापरता येतील अशा असाव्यात, ही जबाबदारी सरकारवर आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा भरवलेल्या या शहराला बालेवाडीचे क्रीडा संकुल मिळाले. आता प्रश्न इतकाच, की आपल्या घराजवळच्या सार्वजनिक जलतरण तलावावर व्हीलचेअरवरच्या मुलाला प्रवेशद्वारापासून पाण्यापर्यंत कुणी उचलून न नेता जाता येते का? रॅम्प आहे का, कपडे बदलण्याची खोली रुंद आहे का, पाण्यात उतरण्याची सोय आहे का? पुढच्या वेळी तलावावर जाल तेव्हा या तीन गोष्टी बघा. नसतील तर क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

दुसरे काम त्याहून सोपे आणि स्वस्त आहे. टोकियोतल्या लढतींची आज तुलना करता येत नाही, कारण तपशील लोकांसमोर नाहीत. लष्कराच्या दप्तरात, जुन्या वृत्तपत्रांच्या फायलींत, त्या काळच्या सहकाऱ्यांच्या आठवणींत जे काही शिल्लक असेल ते गोळा करून, तारखांसह, सर्वांना वाचता येईल असे ठेवायला हवे. पेटकर आपल्यात आहेत तोवर त्यांच्याकडून फेरीनिहाय ऐकून घेणारा कुणी हवा. चित्रपटाने भावना पोहोचवल्या. आता आकडे पोहोचवायचे आहेत.

सामान्यज्ञानाच्या स्पर्धांत ‘भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण कुणाचे?’ हा प्रश्न नेहमी असतो. उत्तर अभिनव बिंद्रा, आणि ते बरोबरच आहे. त्याच्याखाली आणखी एक प्रश्न घालायला जागा आहे. ‘भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण कुणाचे, कोणत्या प्रकारात आणि किती सेकंदांत?’ उत्तराचे तिन्ही भाग आले, तरच पूर्ण गुण द्यावेत.